जयसिंगपूरचे लग्न आणि खिद्रापूरची वाट

नोव्हेंबर महिन्यात आमच्या पिंपळे सौदागरच्या घरी टपालाने एक लग्नपत्रिका आली. हल्ली निमंत्रणे भ्रमणध्वनीवर येतात आणि दोन दिवसांत इतर संदेशांखाली दिसेनाशी होतात. हे पाकीट मात्र हळदीकुंकवाचे बोट लावलेले, पत्ता हाताने लिहिलेले होते. पत्रिकेत तळाशी एक ओळ ठळक छापली होती : ‘सर्व भोजन सूर्यास्तापूर्वी.’ आणि त्याखाली निळ्या शाईत ओळखीचे अक्षर : ‘यायचंच.’

ते अक्षर माझ्या थोरल्या चुलतभावाचे, अण्णांचे होते. त्यांच्या नातीचे लग्न जयसिंगपूरला होते. अण्णांच्या आणि माझ्या बोलण्यात गेली सत्तावीस वर्षे केवळ कामापुरते शब्द होते. त्यामुळे त्या एका शब्दाचे वजन मला ठाऊक होते. सौ. म्हणाली, “आता कारणे सांगू नका.” मी सांगितली नाहीत.

शनिवारी लग्न, रविवारी दर्शन आणि रात्री घरी, असा बेत ठरला. मी, सौ., मुलगा, सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू अशी पाच माणसे पहाटे पाचला निघालो. कोकणे चौकातून वाकडच्या पुलाकडे आणि तेथून बाह्यवळण मार्गाने कात्रज. सतरा-अठरा वर्षांपूर्वी आम्ही येथे राहायला आलो, तेव्हा इमारतींच्या मधून ज्वारीची शेते दिसत. आता पहाटेही संगणक कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग असते. खंबाटकी घाट ओलांडला आणि उजाडले. सातारा, कऱ्हाड, मग पेठ नाक्याला महामार्ग सोडून आष्टा, सांगली. अंकलीच्या पुलावर कृष्णा ओलांडली की दोन्ही बाजूंना ऊस. सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर, न्याहारीचा थांबा धरून साडेपाच तासांत पार पडले.

जयसिंगपूर हे रचून वसवलेले गाव आहे. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. पुढे १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी या लोहमार्गालगत बाजारपेठेचे हे नगर वसवले आणि त्याला आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि त्या गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक. नातवाला हे फार आवडले. “आजोबा, हे तर वहीतल्या चौकटींसारखं आहे,” तो म्हणाला. पत्ता विचारायला गाडी थांबवावी लागली नाही; गल्ल्या मोजत आम्ही कार्यालयाच्या दारात पोहोचलो.

दारातच अण्णा उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात नेहरू शर्ट. मी वाकून नमस्कार केला. “आलास? बरं झालं,” एवढेच म्हणाले आणि सौ.कडे वळून “प्रवास नीट झाला न्हवं?” अशी चौकशी केली. मी मात्र दिवसभर त्यांच्या नजरेच्या आसपास राहून, समोर येण्याचे टाळत होतो.

लग्न साधे आणि नेटके झाले. उपाध्यांनी सिद्धयंत्राचे पूजन केले, प्रत्येक विधीचा अर्थ मराठीतून सांगितला. अक्षता म्हणून तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या वाटल्या होत्या. वाचलेले तांदूळ एका वसतिगृहाला पाठवले, हे मला नंतर कळले. पंगतीला मसालेभात, जिलेबी, मठ्ठा, कोबीची भाजी आणि कच्च्या केळ्याची भजी. कांदा, लसूण, बटाटा नसल्याची आठवणही कोणाला झाली नाही. संध्याकाळी स्वागतसमारंभ होता. परंतु चारलाच पाने मांडली गेली. डिसेंबरात तिकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेपाचला शेवटची पंगत उठली, वाढपी मंडळीही जेवली आणि दिवे लागण्यापूर्वी भटारखाना धुऊन झाला. शहरातील आपले स्वागतसमारंभ आठला सुरू होतात आणि रात्री अकराला आचारी उपाशीपोटी भांडी आवरत असतो. नियम पाळल्याने कोणाचा आनंद कमी झाल्याचे येथे दिसले नाही. उलट वडीलधारी मंडळी वेळेवर झोपली.

रविवारी पहाटे अण्णाच आमच्या खोलीच्या दारात आले. “बाहुबलीला जायचं म्हणतोस ना? मीबी येतो.” गाडीत ते पुढे बसले, मी मागे.

कुंभोजजवळचा बाहुबली डोंगर जयसिंगपूरहून तासाभराच्या आत येतो. पायथ्याच्या परिसरात बाहुबली भगवंतांची २८ फुटी शुभ्र संगमरवरी मूर्ती आहे. तिची प्रतिष्ठापना १९६३ मध्ये झाली. श्रवणबेळगोळची मूर्ती ५७ फुटांची, म्हणजे उंचीने दुप्पट. परंतु येथे सकाळच्या कोवळ्या उन्हात मूर्तीसमोर उभे राहिले की तुलना सुचत नाही. विद्यार्थ्यांची प्रार्थना चालू होती. आचार्य समंतभद्र महाराजांनी १९१८ मध्ये कारंजा येथे गुरुकुलाची परंपरा सुरू केली आणि १९३४ मध्ये येथे ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला. परिसरात तीर्थक्षेत्रांच्या प्रतिकृती आहेत, त्यामुळे लहान मुलांना सम्मेदशिखर आणि पावापुरी यांची ओळख चालता चालता होते. डोंगरावर श्वेतांबर परंपरेचे जगवल्लभ पार्श्वनाथाचे मंदिर आहे. एकाच डोंगरावर दोन्ही परंपरांचे भाविक चढताना पाहून समाधान वाटले.

कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे जन्मगाव. २२ सप्टेंबर १८८७ ही त्यांची जन्मतारीख. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले. सूनबाईंना ही हकीकत ठाऊक नव्हती. त्या बराच वेळ गप्प होत्या.

मूर्तीसमोर नातवाने विचारले, “यांच्या पायांवर वेली का आहेत?” अण्णांनी त्याला भरत-बाहुबलींची कथा सांगितली. भावाशी झालेले युद्ध, जिंकूनही सोडलेले राज्य, वर्षभराचे निश्चल ध्यान. “एवढं तप केलं, पण मनात एक बारीक सल राहिला होता. आपल्यामुळं भावाला दुःख झालं म्हणून. भरत स्वतः आला, तेव्हा तो सल निघाला,” असे सांगून ते पुढे चालू लागले. ते नातवाशी बोलत होते. ऐकत मात्र मी होतो.

सकाळी अकराच्या सुमारास शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड या वाटेने आम्ही खिद्रापूरला पोहोचलो. कृष्णेच्या काठावरचे हे लहान गाव. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या साऱ्या तालुक्याला वेढले होते. येथील कोपेश्वर मंदिर शिलाहार काळातील, बाराव्या शतकातले. पुढे यादव राजा सिंघण याच्या काळातील शिलालेखही येथे आहे. मंदिराच्या बाहेरच्या भिंतीला खाली हत्तींचा थर आहे, जणू सारे मंदिर त्यांनी पाठीवर घेतले आहे. समोरचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा असून त्याच्या छताला मध्यभागी मोठे वर्तुळाकार मोकळे आकाश ठेवले आहे. त्याच्या बरोबर खाली तशीच वर्तुळाकार शिळा. दुपारच्या सुमारास ऊन त्या शिळेकडे सरकत येते. गावातच आदिनाथांचे प्राचीन दगडी मंदिर आहे. ते पाहिल्याशिवाय परतू नये. एकाच राजवटीत, हाकेच्या अंतरावर, दोन धर्मांची मंदिरे उभी राहिली.

या शिवमंदिरासमोर नंदी नाही. अण्णा सांगत होते, “सतीनं दक्षाच्या यज्ञात देह टाकला. शंकर कोपला. म्हणून कोपेश्वर. विष्णूनं त्याला हितं आणून शांत केलं. गाभाऱ्यात दोघांची लिंगं हायत, कोपेश्वर आणि धोपेश्वर.” नंदी सतीबरोबर गेला होता आणि तो कर्नाटकातील येडूरला आहे, असे लोक मानतात.

मंडळी हत्ती मोजण्यात गुंतली. आम्ही दोघे स्वर्गमंडपाच्या कडेला बसलो. तेव्हा मी बोललो.

१९९६ साली मी त्याच जिल्ह्यात एका शाखेचा व्यवस्थापक होतो. अण्णांना यंत्रमाग वाढवण्यासाठी कर्ज हवे होते. नातेवाइकाचे कर्ज व्यवस्थापक स्वतः मंजूर करू शकत नाही. अभिप्राय लिहून प्रस्ताव वरच्या कार्यालयाकडे पाठवावा लागतो. ताळेबंद पाहता तारण अपुरे होते. मी ‘शिफारस नाही’ असे लिहिले. तेवढे चुकले नव्हते. चुकले ते पुढे. नकाराचे छापील पत्र मी टपालाने पाठवले. अण्णांचे घर शाखेपासून सायकलच्या अंतरावर होते आणि मी गेलो नाही. आपल्या माणसासमोर ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि त्या भित्रेपणाला मी इतकी वर्षे नियमपालन म्हणत आलो.

अण्णा थोडा वेळ वर आकाशाकडे पाहत होते. मग म्हणाले, “कर्ज मिळालं असतं तर मी बुडालो असतो. पुढं दोन वर्षांत मागाचा धंदा बसला. ते मला तवाच कळलं होतं. पण तू यायला पायजे होतास. आई पत्र वाचून दाखव म्हणाली, आणि खाली तुझी सही.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. पर्युषणानंतर मी दरवर्षी शंभर जणांना क्षमायाचनेचा संदेश पाठवतो. त्या यादीत अण्णांचे नावही असे. ती क्षमा मी मागितली नव्हती, केवळ पाठवली होती. त्या दिवशी हात जोडून प्रथमच मागितली. अण्णांनी माझा हात धरून मला उठवले आणि म्हणाले, “चल, आदिनाथाचं दर्शन राहिलंय. बारा वाजत आले.”

दुपारी जेवून अडीचला निघालो. निघताना वहिनींनी दशम्या आणि चटणीचा डबा दिला. कऱ्हाडच्या पुढे, सूर्य असतानाच, गाडी बाजूला घेऊन तो संपवला. नऊला घरी.

वाचकहो, लग्नाला जाऊन अक्षता टाकून परतणे आपल्या अंगवळणी पडले आहे. एक दिवस जोडून घ्यावा. दक्षिण महाराष्ट्रात जाणाऱ्यांनी सकाळी लवकर बाहुबली आणि दुपारपूर्वी खिद्रापूर असा क्रम ठेवला, तर दोन्ही ठिकाणे निवांत होतात. पावसाळ्यात मात्र कृष्णेच्या पाण्याची चौकशी करूनच निघावे. आणि गाडीत एक जागा त्या गावच्या, आपल्याच माणसासाठी रिकामी ठेवावी. आम्ही ती ठेवली नव्हती. अण्णा स्वतःहून येऊन बसले, हे माझे भाग्य.