चौकट : दोन दिवस, कमी खर्च, सोलापूर

जायचं कसं : मुंबईची सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी पोहोचवते, म्हणजे एका रात्रीचं लॉजभाडं वाचतं. पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते. अंतर सुमारे 250 किमी.

भुईकोट किल्ला : बहामनी काळातला. दुहेरी तटबंदी, खंदक, आत बत्तीस खांबांची वास्तू. 1818 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला.

सिद्धेश्वर मंदिर : किल्ल्याला लागूनच, तलावाच्या मधोमध. सिद्धरामेश्वर 12व्या शतकातले शिवयोगी. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते; तेव्हा यायचं तर खोली आधीच ठरवलेली बरी.

चार हुतात्मा चौक : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 1930 मध्ये शहरात मार्शल लॉ. 12 जानेवारी 1931 रोजी चौघांना येरवड्यात फाशी. हुतात्मा एक्स्प्रेसचं नाव त्यांच्यावरूनच.

डॉ. कोटणीस स्मारक : द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर, 1910. युद्धग्रस्त चीनमध्ये रुग्णसेवा. तिथेच 1942 मध्ये निधन.

चादर ओळखताना : जकार्ड मागावरची सोलापुरी चादर उलटून बघावी. नक्षी दोन्ही बाजूंना विणलेली असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. छापील चादरीची मागची बाजू फिकी पडते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे.

पिशवीत : कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दोन्ही टिकाऊ, त्यामुळे प्रवासातला एका वेळचा जेवणखर्च सुटतो.

वेळ उरला तर : अक्कलकोट सुमारे 40 किमी, तुळजापूर 45, नळदुर्ग 50; तिन्हीकडे एसटी जाते.