दारू सोडायचीय? बुऱ्हाणपूरकरांसाठी सभेची वाट

आधी डॉक्टर : रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. जिल्हा रुग्णालयात सल्ला घ्या.

सभा कुठे? : व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, १४४४६ला, मोफत फोन करा. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या गटाच्या सभांची चौकशी करताना खंडवा, भुसावळ, जळगावच्या सभांबद्दलही विचारा.

आत काय होतं? : फी नाही, आडनाव सांगायची सक्ती नाही. अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. नुसतं ऐकलं तरी चालतं. खुल्या सभेला घरचेही येऊ शकतात.

कुटुंबासाठी : अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या सभा.

परंपरा : एए अमेरिकेत १९३५पासून, भारतात १९५७पासून.

पुन्हा प्यायलात तरी लाजून घरी बसू नका. पुढच्या सभेला जा.