मधला जांभळा पट्टा

गेल्या वेळी आपण कलम ३७७ आणि ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल पाहिला. आज एलजीबीटीमधल्या ‘बी’कडे वळू. मराठीत शब्द शोधायला गेलो, की पहिलीच अडचण. ‘उभयलिंगी’ म्हणावं, तर तो शब्द आपण शाळेत जास्वंदीच्या फुलासाठी शिकलो: पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात. तिथे प्रश्न शरीराचा आहे, इथे ओढीचा. म्हणून आम्ही ‘उभयलैंगिक’ म्हणतो. एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींबद्दल जिला ओढ वाटते ती व्यक्ती. ओढ दोन्हीकडे सारखीच हवी, अशी अट नाही बरं का. अल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ मध्येच ० ते ६ अशी पट्टी मांडली होती.

१९९८ मध्ये मायकल पेज यांनी अमेरिकेत या समुदायाचा झेंडा केला. गुलाबी आणि निळ्याच्या मध्ये अरुंद जांभळा पट्टा. तो दोन्ही रंगांत नकळत मिसळून जातो, हेच त्यांना दाखवायचं होतं. पुढच्या वर्षीपासून २३ सप्टेंबर हा दिवसही पाळला जाऊ लागला.

मिसळून जातो म्हणजे काय? बाईने पुरुषाशी लग्न केलं, की ‘चला, सुटली त्यातून.’ तीच बाईसोबत राहिली, तर ‘आधी खोटं बोलत होती.’ म्हणजे जोडीदार बघून तिची ओळख आपण ठरवणार! समलैंगिक मित्रमंडळींतही ‘अजून ठरत नाहीये का तुझं?’ हे ऐकावं लागतंच. आणि घरी धीर करून सांगितलं, तर? ‘मुलगाही चालतो ना, मग मुलगाच बघू या.’ विषय मिटला, स्थळं यायला लागली.