मुंग्या हाताला, अडचण मानेपाशी

“केस विंचरायला हात वर नेला की दोन मिनिटांत जड होतो, करंगळीला मुंग्या येतात आणि कंगवा हातातून सुटतो.” अशी तक्रार घेऊन एखादी भगिनी माझ्याकडे येते तेव्हा तिच्या पिशवीत बहुधा जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, मानेचा एक्स-रे आणि कार्डिओग्राम असे सगळे असते. कार्डिओग्राम काढला हे उत्तमच. डावा हात आणि छाती दुखत असेल तर आधी हृदयाची खात्री करून घेतलीच पाहिजे. पण कार्डिओग्राम चांगला, रक्तातील साखर योग्य, आणि हात मात्र तसाच! मग ‘मनाचे दुखणे’ असा शिक्का बसतो आणि घरची माणसेही कंटाळतात. अशा काही रुग्णांना थोरॅसिक आऊटलेट सिंड्रोम हा विकार असतो. नाव अवघड असले तरी त्यातील अडचण समजायला सोपी आहे.

मानेतून निघालेले चेतातंतू हातात पोहोचण्यापूर्वी अरुंद जागेतून जातात. मानेच्या बाजूला स्केलीन नावाचे स्नायू असतात. ते मणक्यांपासून निघून वरच्या दोन फासळ्यांना चिकटतात. त्यांच्या फटीतून चेतातंतू आणि हाताची रोहिणी बाहेर पडते, तर नीला पुढच्या स्नायूच्या पुढून जाते. मग ही तिन्ही हासळीचे हाड व पहिली फासळी यांच्यामधून आणि छातीच्या एका लहान स्नायूखालून काखेकडे जातात. या वाटेत कोठेही दाटी झाली की हात कुरकुर करू लागतो. काहींना जन्मतःच मानेत एक जादा फासळी असते. असे लोक शंभरात एखादाच, किंवा त्याहूनही कमी, आणि त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. तेव्हा एक्स-रेमध्ये फासळी दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

मुंग्या कोणत्या बोटांना येतात याकडे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे रात्री बधिर होऊन जाग येत असेल, तर दोष बहुधा मनगटात असतो. करंगळी, अनामिका व हाताची आतली कड बधिर होत असेल आणि वलणीवर कपडे टाकताना किंवा ओझे उचलताना त्रास वाढत असेल, तर मानेपाशी शोध घ्यावा लागतो. हात वर धरून तीन मिनिटे मुठी उघडझाप करण्याची एक तपासणी आहे. पण निरोगी माणसाचा हातही त्यात भरून येतो, त्यामुळे घरी ती करून स्वतःच निदान करू नये.

मात्र हात एकाएकी सुजला, निळसर झाला, किंवा बोटे पांढरी व थंड पडली, तर व्यायामाचा विचारही करू नका. हा रक्तवाहिनीचा प्रकार असू शकतो. त्यात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सुदैवाने दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत दाब चेतातंतूंवरच असतो आणि तेथे पहिला उपचार फिजिओथेरपी हाच आहे. १९५६ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ज्या लेखात हे नाव आले, तो लेखही व्यायामोपचाराविषयीच होता.

येथे एक गैरसमज मला वारंवार भेटतो. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकाबाईंना फळ्यावर लिहिताना हात बधिर होई. कोणीतरी त्यांना ‘छाती पुढे, खांदे मागे’ असा कवायतीचा सल्ला दिला. बाईंनी तो महिनाभर निष्ठेने पाळला आणि त्रास दुप्पट झाला. खांदे जोराने मागे व खाली ओढले की हासळीचे हाड आणि फासळी यांमधील जागा उलट कमी होते. आम्ही तपासताना त्रास जाणून घेण्यासाठी हीच स्थिती वापरतो! ज्यांचे खांदे मुळातच उतरते आहेत त्यांना तर खांदा अलगद वर आधारून धरण्याची गरज असते.

म्हणून मी सुरुवात व्यायामाने करत नाही. संध्याकाळी हाताच्या खुर्चीत बसावे आणि दोन्ही कोपरांखाली उशा घेऊन खांदे किंचित वर उचलले जातील असे टेकावे. काहींना प्रथम मुंग्या थोड्या वाढल्यासारख्या वाटतात, मग ओसरतात. पर्स किंवा पिशवी दुखऱ्या खांद्याला अडकवू नये. डोक्याखाली हात घेऊन किंवा त्या कुशीवर झोपू नये.

त्यानंतर श्वास. हा भाग रुग्णांना फार किरकोळ वाटतो, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. छातीने उथळ श्वास घेणाऱ्या माणसाचे स्केलीन स्नायू प्रत्येक श्वासाला पहिली फासळी वर ओढत राहतात. दिवसभर असे चालल्यावर ते ताठणारच. उताणे झोपून गुडघ्यांखाली उशी घ्यावी, एक हात पोटावर व एक छातीवर ठेवावा. नाकाने सावकाश श्वास घेताना पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहावा. असे दहा श्वास, दिवसातून तीन-चार वेळा.

हे जमले की मानेचे व छातीचे स्नायू हलक्या हाताने ताणणे आणि मग खांद्याच्या पात्याला सांभाळणाऱ्या स्नायूंना बळ देणे. भिंतीला हात टेकून पाते छातीच्या पिंजऱ्यावरून पुढे सरकवणे, हा त्यातला साधा प्रकार. वजने शेवटी. चेतातंतू मोकळे करण्याचे काही व्यायाम आहेत, ते मात्र समोर बसूनच शिकावेत. व्यायामानंतर मुंग्या रेंगाळल्या तर तो अधिक झाला असे समजावे. मानेला वजन लावून ओढ देण्याने काहींचा त्रास वाढतो, म्हणून ते परस्पर करून घेऊ नये. नुसत्या शेकाने बरे वाटते, तेवढ्यापुरतेच.

किती दिवस लागतात? दीड-दोन महिन्यांत फरक जाणवू लागावा. तीन ते सहा महिने मनापासून करूनही त्रास तसाच राहिला, किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसत चालला, बटण लावणे जमेनासे झाले, तर शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा. उंचवटा बसू लागला असेल तर सहा महिने थांबूही नये. शस्त्रक्रियेत जादा किंवा पहिली फासळी काढतात, ताठर स्नायू सोडवतात. त्यानंतरही श्वासाचे आणि पात्याचे हेच व्यायाम पुन्हा करावे लागतात.

त्या शिक्षिकाबाईंनी आता फळ्याचा वरचा भाग सोडून दिला आहे. छातीच्या उंचीपर्यंतच लिहितात आणि वरची तारीख वर्गातल्या उंच मुलाकडून लिहवून घेतात.