रब्बी म्हणजे ‘माझे गुरू’

माळव्यात ‘रब्बी’ म्हटले की गहू-हरभऱ्याचा हंगाम डोळ्यांपुढे येतो. ज्यू समाजात मात्र रब्बी म्हणजे धर्मशास्त्र शिकलेला आचार्य. हिब्रूत या शब्दाचा अर्थच ‘माझे गुरू’ असा आहे. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाने रब्बी डॉ. आरी बर्मन यांना पाचवे अध्यक्ष म्हणून निवडले. २०१७ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली. १८८६ पासूनची परंपरा असलेल्या या संस्थेत धर्मग्रंथ आणि आधुनिक विद्या दोन्ही शिकवल्या जातात. अशा जागी गुरूचीच निवड व्हावी, ही अभिनंदनाचीच गोष्ट!

पण आपल्या मराठी ज्यूंचे, म्हणजे बेने इस्रायलांचे काय? कोकणात तेलाचे घाणे चालवणारा हा समाज शनिवारी काम बंद ठेवी, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या रब्बी नव्हते. सण आणि उपवास घराघरांतून टिकले. मुंबईत स्थिरावल्यावर मात्र हाईम सॅम्युएल केहिमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढली. रब्बी नसलेल्या समाजाने गुरूची जागा शाळेला दिली, असेच म्हणावे लागेल.

१९२२ मध्ये या शाळेची धुरा रिबेका रूबेन यांच्याकडे आली. पुण्याच्या हुजूरपागेच्या या विद्यार्थिनीने १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक पटकावला होता. हा मान मिळवणारी ती पहिलीच मुलगी. पुढे १९५० पर्यंत, तब्बल अठ्ठावीस वर्षे, बाईंनी शाळा सांभाळली. त्यांना कोणी रब्बी म्हटले नाही, पण ‘माझे गुरू’ हा अर्थ त्यांना किती शोभून दिसतो!

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढे बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. माझगावची ती शाळा, सर एली कदुरी यांचे नाव लाभलेली, इतर धर्मांच्या मुलांनाही शिकवत राहिली.

महाराष्ट्राबाहेर, इंदुरात राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींना यातून घेण्यासारखे आहे. कोणाची मोठ्या पदावर निवड झाली की आपण शाल-श्रीफळ देऊन मोकळे होतो. पण खुर्चीवर गुरू बसवला तरी समोर शिष्य हवेत ना? आपली मुले मराठी वाचायला बसली, तरच त्या सत्काराला अर्थ!