आधी ईसीजी, मग बाकीचं

बुलढाणा जिल्ह्यात गावाचा ठावठिकाणा सांगताना 'घाटावर' की 'घाटाखाली' हे आधी सांगितलं जातं. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, शेगाव घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. एखाद्याच्या छातीत कळ आली की हाच भूगोल जिवावर बेततो. अँजिओप्लास्टीसाठी इथल्या अनेकांना अकोला नाही तर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं, आणि बुलढाण्याहून संभाजीनगर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. म्हणूनच कोणती तपासणी कुठे आणि कधी, याचा विचार इथल्या घरांनी आधीच करून ठेवायला हवा.

दुखणं आत्ता सुरू असेल, छाती दाबल्यासारखी वाटत असेल, घाम फुटला असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर पहिली तपासणी एकच: ईसीजी. म्हणजे आपल्याकडचा 'कार्डिओग्राम'. दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांत तो काढून डॉक्टरांनी पाहावा, असं जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. हृदयाची मोठी शीर पूर्ण बंद झाली असेल तर बहुतेक वेळा ते या कागदावर दिसतं. अँजिओप्लास्टीचं केंद्र दोन तासांच्या टप्प्यात नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात देऊन मग रुग्णाला पुढे हलवता येतं. त्यामुळे गाडी करून थेट मोठ्या शहराकडे धावण्यापेक्षा १०८ ला फोन करणं आणि वाटेतल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी काढणं कितीतरी मोलाचं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. खर्चाच्या भीतीने घरी थांबू नये.

ईसीजी नॉर्मल आला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. 'गॅस असेल, पित्त असेल' म्हणत रुग्ण घरी परततो. इथेच घात होतो. सुरुवातीचा ईसीजी हृदयविकाराच्या झटक्यातही साधा दिसू शकतो. मधुमेही, वृद्ध आणि बायकांमध्ये तर कळीऐवजी नुसती धाप, मळमळ किंवा गळून जाणं असतं. दुखणं चालू असेल तर ईसीजी पुन्हा काढायचा आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासायचं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण त्याला वेळ लागतो. म्हणून ते काही तासांनी पुन्हा मोजतात.

घाटाखाली यात आणखी एक गुंता आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणारा खाऱ्या भूजलाचा पट्टा, म्हणजे खारपाणपट्टा, संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतही पसरला आहे, आणि तिथे किडनीच्या विकाराची तक्रार जुनी आहे. किडनी कमजोर असेल तर हृदयाला झटका नसतानाही ट्रोपोनिन वाढलेलं सापडतं. अशा माणसाच्या एका आकड्यावरून निदान करता येत नाही. दोन मोजण्यांमध्ये तो किती चढला किंवा उतरला, हे पाहावं लागतं. शिवाय सीटी अँजिओग्राफी असो की साधी अँजिओग्राफी, दोन्हींत शिरेत औषधी रंग सोडतात आणि तो किडनीवाटे बाहेर पडतो. त्यामुळे खारपाणपट्ट्यातल्या रुग्णाने 'क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, कधी केली होती?' या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं. अर्थात झटकाच आलेला असेल, तर किडनीच्या भीतीने जीव वाचवणारा उपचार लांबवायचा नसतो.

दुखणं चढ चढताना किंवा शेतात ओझं उचलताना येत असेल आणि थांबल्यावर जात असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे घाई नसते, पण निवड विचाराने करावी लागते. टू-डी इको हृदयाचा पंप आणि झडपा दाखवतो. शिरांतला अडथळा तो थेट दाखवत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. टीएमटीत चालत्या पट्ट्यावर दम लागेपर्यंत चालवतात. गुडघे साथ देत नसतील किंवा मुळातला ईसीजीच बिघडलेला असेल, तर तिचा फारसा उपयोग नाही, आणि छातीत दुखत असताना ती करणं धोक्याचं. सीटी अँजिओग्राफी शिरांचं चित्र थेट देते. स्कॉटलंडमध्ये ४,१४६ रुग्णांवर झालेल्या 'स्कॉट-हार्ट' अभ्यासात नेहमीच्या तपासणीला तिची जोड दिली, तेव्हा पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचं प्रमाण ३.९ टक्क्यांऐवजी २.३ टक्के राहिलं. शिरांमध्ये त्रास आधीच दिसल्याने औषधं वेळेवर सुरू झाली, हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं.

आणि अँजिओग्राफी? 'एकदाची करून टाका' हा घरच्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे. पण ५,१७९ रुग्णांच्या 'इस्केमिया' अभ्यासात, दुखणं स्थिर असलेल्यांमध्ये आधी अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास केल्याने, औषधांपासून सुरुवात करण्याच्या तुलनेत मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. छातीदुखी मात्र अधिक कमी झाली. डाव्या मुख्य शिरेत मोठा अडथळा असलेल्यांना या अभ्यासात घेतलं नव्हतं. त्यांच्यासाठी आणि झटका आलेल्यांसाठी हिशेब वेगळा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. तज्ज्ञ जवळ येतील तशा तपासण्याही जवळ याव्यात, ही जिल्ह्याची रास्त अपेक्षा आहे. तोवर प्रत्येक मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णाने आपला जुना ईसीजी औषधांच्या पिशवीत ठेवावा. नव्या कागदावरचा बदल कालचा की दहा वर्षांपूर्वीचा, हे रात्रपाळीच्या डॉक्टरला त्या जुन्या कागदाशेजारी ठेवूनच कळतं.