उलटा बांध

नगर जिल्ह्यातील मनुष्यापुढे ‘धरण’ हा शब्द उच्चारला की १९२६ साली पुरा झालेला भंडारदऱ्याचा दगडी बांध आणि त्याच्या पाठीशी तुंबलेले प्रवरेचे पाणी त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. पाणी हातचे जाऊ नये म्हणून केलेला खटाटोप म्हणजे धरण, अशी ज्याची पिढीजात समजूत, त्याला पाणी आत येऊच नये एवढ्यासाठी मुंबईत घातलेला वरळीचा बांध अंमळ विपरीतच वाटेल.

आज अखंड दिसणारी मुंबई एके काळी सात बेटांची होती. आणि महालक्ष्मीची टेकडी व वरळीचे बेट यांच्या दरम्यानच्या खिंडारातून भरतीचे पाणी जे आत घुसे ते थेट उमरखाडी-पायधुनीपर्यंत पसरे, व ओहोटीबरोबर मागे उरे तो चिखल आणि दुर्गंधी. खाडी ओलांडून आलेले लोक जेथे पाय धूत ती पायधुनी, असे सांगतात. विल्यम हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ या काळात गव्हर्नर असताना बांध घालून हे खिंडार बुजविले गेले. या बांधाच्या ‘हॉर्नबी वेलार्ड’ या नावातील वेलार्ड हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला, आणि त्या बांधावरचा रस्ता म्हणजे आजचा लाला लजपतराय मार्ग. बांध वारंवार ढासळू लागला तेव्हा त्या कामावरील रामजी शिवजी या प्रभू गृहस्थास दृष्टांत झाला, समुद्रातून देवींच्या मूर्ती निघाल्या आणि त्यांची स्थापना झाल्यावरच काम टिकले, ही आख्यायिका महालक्ष्मीच्या दर्शनास गेलेला नगरकरही ऐकून येतो. ती दप्तरात सापडो न सापडो, लाटांपुढे हात टेकलेल्या कारागिराचे मन तिच्यात खचित सापडते.

परंतु समुद्र हटला म्हणजे जमीन झाली, असे नव्हे. खारवट दलदल लागवडीस आणणाऱ्यांस कंपनी सरकारने ती हलक्या धाऱ्याने दिली. त्या धाऱ्यास ‘फोरास’ म्हणत, आणि फोरास रोडच्या नावात तो महसुली शब्द अद्याप तग धरून आहे. सखल भाग पुढे कित्येक वर्षे माती आणि, सांगावयास संकोच वाटतो, शहराचा केरकचरा टाकून भरीत गेले. कामाठीपुरा, भायखळा, ताडदेव ही दाट वस्ती त्या भरावाच्या आसपास वाढली.

समुद्राने जागा सोडली. पातळी मात्र सोडली नाही. म्हणून आजही मुसळधार पाऊस आणि मोठी भरती यांची एकाच प्रहरी गाठ पडली की सखल भागातील पावसाचे पाणी आपणहून समुद्रास मिळू शकत नाही, आणि वरळीच्या लव्हग्रोव्ह उदंचन केंद्रातील पंपांना ते उपसून बांधापलीकडे लोटावे लागते.